पाच ठिकाणांऐवजी दोन : मळवलीला उतरून पाहायचा एक दिवस

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) :

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात मी, पत्नी, सदुसष्ट वर्षांची आई आणि अकरा व आठ वर्षांची दोन मुले. मोठ्या मुलाने शाळेत लेण्यांचा धडा वाचल्यापासून ‘खरी लेणी दाखवा’ असा हट्ट धरला आहे. जानेवारीत एक दिवस काढून कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी, तसेच लोहगड आणि जमल्यास विसापूर असे सर्व एकदमच उरकावे असा विचार आहे. आईला कार्ल्याच्या एकवीरेचे दर्शन घ्यायचे आहे, परंतु तिचे गुडघे दुखतात. भाड्याच्या गाडीचे साडेपाच हजार रुपये सांगितले, ते आम्हाला झेपणारे नाहीत. सर्व मिळून दोन हजार रुपयांत हा दिवस बसवता येईल का, आणि बसत असेल तर कसा, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर :

आपल्या प्रश्नाचा पैशांचा भाग सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो : होय, दोन हजारांत हा दिवस बसतो, आणि शेवटी खिशात थोडे उरतातही. कठीण भाग आपण ओघात लिहून गेलात, तो म्हणजे ‘एकदमच उरकावे’ हे शब्द. आपण नोंदवलेली पाच ठिकाणे नकाशावर एकमेकांना चिकटून दिसतात हे खरे, परंतु त्यांपैकी प्रत्येक ठिकाण डोंगरावर आहे आणि प्रत्येक डोंगर स्वतंत्रपणे चढून स्वतंत्रपणे उतरावा लागतो. ज्या घरातल्या आजींचे गुडघे दुखतात आणि धाकट्याचे वय आठ आहे, त्या घराने एका दिवसात दोनच चढ घ्यावेत, तिसरा घेऊ नये. पाचांचा हट्ट धरल्यास भाड्याची गाडी लागतेच, कारण मग वेळ वाचवण्यासाठी पैसे मोजावे लागतात. ठिकाणे दोनवर आणली की लोकल आणि रिक्षा पुरतात. आपले साडेपाच हजार प्रामुख्याने इथेच वाचणार आहेत, घासाघीस करण्यात नव्हे.

तेव्हा भाजे आणि कार्ले ही दोन लेणी घ्या आणि बाकीची तीन नावे वहीत राहू द्या. लोहगड जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक झाल्यापासून सर्वांनाच तो पाहायचा असतो, आणि तो पाहावाही. मात्र तो मुलांना घेऊन केवळ आपण दोघांनी, आजींना घरी विश्रांती देऊन, एखाद्या वेगळ्या दिवशी पाहायचा किल्ला आहे. विसापूर तर त्याहून आडवाटेचा. बेडशाविषयी शेवटी लिहितो, कारण त्याला वगळण्याचे कारण निराळे आहे.

आता दिवस कसा रचावा ते पाहू. इथे पैशांपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात, लोकलचे वेळापत्रक आणि सूर्य, आणि सुदैवाने दोन्ही आपल्याला एकाच क्रमाकडे नेतात.

लोकलचे आधी. पुणे ते लोणावळा लोकल मळवलीला थांबते, आणि मळवली हे स्थानक दोन्ही लेण्यांच्या मध्ये आहे : दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. सकाळी आणि संध्याकाळी गाड्या बऱ्यापैकी मिळतात. दुपारी मात्र, साधारण अकरा-बारापासून तीनच्या आसपासपर्यंत, त्या फारच विरळ होतात. नवखे लोक नेमके इथे फसतात. मीही फसलो आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा भाजे पाहून ‘आता घरी जाऊ’ असे म्हणत बाराला मळवलीच्या फलाटावर पोहोचलो आणि पुढची गाडी येईपर्यंत तिथल्या बाकावर शेंगदाणे खात बसलो. कार्ले समोरच्या डोंगरात दिसत होते आणि मी ते पाहायला न जाता गाडीची वाट पाहत होतो. हा दुपारचा खंड अडचण न मानता त्याच्याभोवतीच दिवस आखावा. सकाळी एक लेणे, त्या खंडाच्या वेळात जेवण आणि विश्रांती, दुपार कलल्यावर दुसरे लेणे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. निघण्याच्या आदल्या रात्री चालू वेळापत्रक एकदा पाहून जाण्याची आणि येण्याची प्रत्येकी दोन गाड्यांची वेळ कागदावर टिपून ठेवावी, म्हणजे एक चुकली तर दुसरी कोणती हे फलाटावर शोधत बसावे लागत नाही.

सकाळी सात-साडेसातच्या आसपास पुण्याहून सुटणारी गाडी धरावी. कोथरूडहून शिवाजीनगर जवळ पडते, परंतु आजी बरोबर असताना गाडी जिथून सुटते त्या स्थानकावर जाणे मी पसंत करीन, कारण तिथे खिडकीशेजारची जागा निवांतपणे मिळते. नंतरच्या स्थानकांवर पिंपरी-चिंचवडकडे कामाला जाणाऱ्यांची गर्दी आत शिरते आणि ती तळेगावपर्यंत टिकते. तिकीट साधे दुसऱ्या वर्गाचे, मळवलीपर्यंतचे आणि जाऊन-येऊनचे काढावे. मोठ्यांचे एका वेळचे भाडे पंधरा-वीस रुपयांच्या घरात आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे पडते. पाचही जणांचा रेल्वेचा खर्च दोनशेच्या आतच राहील. एक चूक मात्र टाळावी : परतताना समोर लोणावळ्याहून एखादी एक्स्प्रेस आली आणि तीही पुण्यालाच जाणार असली, तरी लोकलच्या तिकिटावर तिच्यात चढू नये. दंडाची पावती ही या सहलीतली सर्वांत महाग वस्तू ठरू शकते.

आता सूर्याचे. भाजे आणि कार्ले ही दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. याचा अर्थ असा की सकाळी त्या डोंगरांचा पश्चिमेकडचा उतार, आणि त्याच्यावरच्या पायऱ्या, सावलीत असतात. आजींसाठी जो चढ अधिक अवघड तो सकाळी घ्यावा, आणि तो चढ भाज्याचा आहे, कारण तिथे पायथ्यापासून लेण्यांपर्यंत सर्व पायऱ्या पायीच चढाव्या लागतात. कार्ल्याला रिक्षा अर्ध्या डोंगरापर्यंत, वाहनतळापर्यंत, वर जाते. राहिलेल्या पायऱ्या थांबत-थांबत चढता येतात. म्हणून उन्हाचा वेळ कार्ल्याला दिला तरी तेथील चढ निम्मा झालेला असतो.

क्रम असाच का, याचे दुसरे कारण लेण्यांच्या रचनेतच आहे. भाज्याच्या चैत्यगृहाचे, म्हणजे आत स्तूप असलेल्या प्रार्थनामंडपाचे, दर्शनी तोंड मुळात लाकडाचे होते. ते लाकूड केव्हाच नाहीसे झाले, आणि आज त्या भव्य कमानीखालचा संपूर्ण मंडप उघडा आहे. त्यामुळे ऊन थेट आत येत नसले तरी सकाळचा उजेड आतल्या स्तूपापर्यंत सहज पोहोचतो. कार्ल्याचे दर्शनी तोंड दगडातच कोरलेले आहे, त्यामुळे आत काळोख असतो आणि उजेड प्रामुख्याने दारांवरच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या प्रचंड गवाक्षातून, म्हणजे खिडकीतून, येतो. सूर्य पश्चिमेकडे झुकल्यावर त्या गवाक्षातून आत येणारा प्रकाश खांबांच्या रांगांमधून स्तूपाकडे सरकतो. सकाळी दहाला कार्ले पाहिलेला माणूस आणि दुपारी चारला पाहिलेला माणूस एकाच लेण्याविषयी बोलत आहेत यावर विश्वास बसत नाही.

मळवलीला उतरल्यावर भाज्याकडे जाणारा रस्ता द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून गावात जातो. पायी अर्धा-पाऊण तास लागतो. आपण दोघे आणि मुले चालू शकाल, पण दिवसाची पहिली दमणूक आजींच्या वाट्याला सपाट रस्त्यावर येऊ देऊ नका. तिथे रिक्षा घ्या. रिक्षावाल्याशी बोलताना तीन गोष्टी बसण्यापूर्वीच ठरवाव्यात : माणसे किती, कुठपर्यंत, आणि फक्त जाण्याचे की थांबून येण्याचे. पाच जणांना एका रिक्षात कोंबण्याचा आग्रह होईल आणि स्वस्ताईच्या मोहाने आपणही तयार व्हाल, परंतु मुले मोठी आहेत आणि रस्ता चढणीचा आहे, तेव्हा सहा आसनी मिळाली तर ती घ्यावी, न मिळाल्यास दोन रिक्षा कराव्यात. थांबून राहायला सांगू नका. थांबण्याचे पैसे लागतातच, शिवाय खाली कोणीतरी खोळंबले आहे या जाणिवेने वर निवांत पाहता येत नाही. भाजे ते कार्ले हा मधला टप्पा सर्वांत लांब आहे आणि मळवली ओलांडूनच जातो. तो भाज्याच्या पायथ्याशी उतरताना त्याच रिक्षावाल्याला ‘दुपारी दीडला या’ असे सांगून ठरवून ठेवला तरी चालतो. दिवसभराच्या रिक्षांसाठी आठ-नऊशे रुपये बाजूला काढून ठेवावेत. या सहलीतला हाच सर्वांत मोठा खर्च आहे आणि त्यात काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भाज्याला पोहोचल्यावर पहिली गोष्ट तिकिटांची. ही दोन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तिकीट लागते : भारतीय नागरिकांना २५ रुपये, मोबाइलवरून आधी काढल्यास २०. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे तीन मोठ्यांचे दोन ठिकाणचे मिळून दीडशे रुपये होतात. पायऱ्या चढताना आजींना पुढे ठेवावे आणि इतरांनी त्यांच्या चालीने चालावे. मागे राहिलेला वृद्ध माणूस इतरांना गाठण्यासाठी घाई करतो आणि गुडघे त्यानेच बिघडतात.

भाज्याची लेणी सुमारे २२ आहेत आणि ती सगळी सारख्याच मन लावून पाहायची गरज नाही. बरेचसे विहार म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लहान खोल्या. मुले तिथल्या दगडी ओट्यांवर एकदा बसून पाहतील आणि पुढे जातील. वेळ चैत्यगृहाला द्यावा. ते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले मानले जाते, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक. मुलांना आत नेण्याआधी बाहेर उभे करून दर्शनी कातळातली भोके मोजायला सांगा : लाकडी दर्शनी भाग ज्या खाचांत बसवला होता त्या त्या खाचा आहेत. मग आत जाऊन खांबांकडे तिरक्या नजरेने पाहायला सांगा. सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. कारण हे शिल्पी दगडात काम करीत असले तरी लाकडी घर बांधत होते. लाकडी इमारतीत छताचा भार बाहेर ढकलला जातो म्हणून खांब आत कलते ठेवावे लागतात. अखंड कातळात त्याची काहीच गरज नसते, तरी त्यांनी ती सवय दगडातही उतरवली. आपल्या मोठ्या मुलाच्या धड्यात ‘लेणी खोदली’ असे असेल, ‘लाकडी घराची नक्कल खोदली’ असे बहुधा नसेल. ते त्याला स्वतःला सापडू द्यावे.

चैत्यगृहाच्या पुढे दक्षिणेकडे स्तूपांचा एक समूह आहे, एकूण चौदा, त्यांपैकी पाच कातळाच्या छताखाली आणि नऊ बाहेर. हे निवर्तलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, स्मारकस्तूप आहेत आणि काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. ज्यांच्याविषयी नावापलीकडे काहीही उरलेले नाही अशा माणसांची नावे बावीस शतकांनंतर एखाद्या आठ वर्षांच्या मुलाने मोठ्याने उच्चारावीत, हे मला स्वतःला भाज्याच्या कोणत्याही शिल्पापेक्षा अधिक भिडते. त्याच ओळीत पुढे, अगदी टोकाकडच्या विहारात, दाराच्या दोन बाजूंना दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत : एकीकडे चार घोड्यांच्या रथातली आकृती आणि दुसरीकडे हत्तीवर आरूढ झालेली. ती सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जातात, मात्र अभ्यासकांचे त्याबाबत एकमत नाही. नर्तकीसमोर तालवाद्य वाजवणारी स्त्रीही याच भागात आहे. पावसाळ्यात या टोकाशेजारी धबधबा कोसळतो आणि त्याच्यासाठीच येणाऱ्यांची झुंबड उडते. आपण जानेवारी निवडला आहे, तो योग्यच आहे.

दीड-दोन तासांत भाजे नीट पाहून होते. बारापर्यंत खाली उतरावे. डबा घरून न्यावा, पण तो लेण्याच्या आवारात उघडू नये; संरक्षित स्मारकात खाण्यास मनाई आहे. गावात उतरून एखाद्या झाडाखाली किंवा चहाच्या टपरीवर परवानगी घेऊन बसावे, आणि त्या बदल्यात चहा तिथलाच घ्यावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एखादे कोरडे पिठले असा डबा दुपारपर्यंत टिकतो. दही-भात नेण्याचा मोह टाळा, सहलीत सांडण्यासाठीच तो जन्माला येतो. पाणी प्रत्येकी एक लिटर तरी घरून भरून न्यावे. या दीड तासात आजींनी पाय पसरून आडवे व्हावे, यासाठी एक चादर पिशवीत असू द्या. हा वेळ वाया जात नाही, कारण तसेही कोणती गाडी नाही आणि कार्ल्याचा प्रकाश अजून यायचा आहे.

कार्ल्याला जाण्यापूर्वी वाराविषयी थोडे. एकवीरा आई ही कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांसह कितीतरी घरांचे कुलदैवत आहे, आणि तिचे देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दारात, एकाच अंगणात उभे आहे. मंगळवारी आणि रविवारी दर्शनाची रांग पायऱ्यांवरून खाली येते. आपण रजा काढणारच असाल तर बुधवार किंवा गुरुवार निवडावा. मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तर शिक्षक रागावणार नाहीत, कारण धडा त्यांचाच आहे. वार बदलणे शक्यच नसेल आणि रविवारीच जायचे असेल, तर आजींचे दर्शन हे दिवसाचे मुख्य काम समजून भाजे वगळावे आणि फक्त कार्ले करावे. रांगेत तासभर उभे राहून, त्यानंतर चढलेल्या दुसऱ्या डोंगरावरून कोणीही आनंदी चेहऱ्याने उतरत नाही.

अडीचच्या सुमारास वरच्या वाहनतळावर पोहोचला असाल तर तिथून पायऱ्या चढून तीन वाजता अंगणात याल. मग विभागून घ्यावे : दोघांपैकी एकाने आजींबरोबर दर्शनाला जावे आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन चैत्यगृहात. दर्शनानंतर सर्वांनी एकत्र यावे, म्हणजे आजींना अंगणात बसून दम घेता येतो आणि शेवटचा अर्धा तास सर्वांना मिळून आत घालवता येतो. लेण्यांची वेळ पाचला संपते असे धरून चला. मी एकदा मित्रांसह तीन ठिकाणे करण्याच्या नादात पाच वाजून गेल्यावर इथे पोहोचलो होतो आणि बंद जाळीतून आतला काळोख पाहून परतलो. चूक पूर्णपणे माझीच होती, आणि सर्वांना तिचा अंदाज दुपारीच आला होता, फक्त मला सोडून.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे, आणि भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. आकड्यांनी मुलांना काही कळणार नाही. एकाला स्तूपापाशी आणि दुसऱ्याला दाराशी उभे करून हळू आवाजात बोलायला सांगा. दाराबाहेर डावीकडे एक भलामोठा स्तंभ आहे, वर चार सिंह असलेला. त्याचा जोडीदार उजवीकडे असायला हवा होता. तिथे आज एकवीरेचे देऊळ आहे. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. स्तूपामागचे सात खांब मात्र अगदी साधे, कोणतेही शिल्प नसलेले. तिथे कोणी पाहणार नाही असे शिल्पींना वाटले, की खर्च आटोपता घेतला, हा प्रश्न मुलांसमोर ठेवून त्यांना वाद घालू द्यावा. छताकडे पाहायला विसरू नका : तिथल्या कमानदार फासळ्या सागवानी लाकडाच्या आहेत, आणि स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. भाज्याच्या दर्शनी भागात सकाळी जे लाकूड नव्हते आणि केवळ खाचा उरल्या होत्या, त्याचा एक मोठा भाऊबंद इथे सुमारे दोन हजार वर्षे छताला टिकून आहे. दोन्ही लेणी एकाच दिवशी, याच क्रमाने पाहण्याचा हा तिसरा फायदा.

व्हरांड्यातील एक शिलालेख आपल्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत तो सांगतो की वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केले, ‘जंबुदिपम्हि उतमं’, म्हणजे जंबुद्वीपात, साऱ्या भारतभूमीत, उत्तम. एवढी मोठी आत्मस्तुती करणारा भूतपाल वाचून हसू येते, पण आत गेल्यावर त्याचे म्हणणे खोडून काढावेसे वाटत नाही. मात्र सारा खर्च काही त्याने एकट्याने उचललेला नाही. खांबांवर पाहिले तर एक खांब धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनाचा (त्या काळी हा शब्द ग्रीकांसाठी वापरत), दुसरे खांब आणखी कोणाकोणाचे, आणि दर्शनी दाराचे दान त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे. बोरघाटातून बंदरांकडे जाणारा व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून जात होता, आणि त्या वाटेवरच्या लोकांनी वर्गणी काढावी तसे हे लेणे उभे केले. तिथली बुद्धमूर्तींची शिल्पे मात्र नंतरच्या शतकांतली आहेत. भाज्याला अशी एकही कोरीव बुद्धमूर्ती नव्हती हे मुलांच्या लक्षात आले, तर त्यांना बौद्ध कलेतला एक मोठा फरक कोणी न शिकवताच कळला असे समजा.

साडेचार-पावणेपाचला खाली निघावे. उतार चढापेक्षा गुडघ्यांना अधिक त्रास देतो, म्हणून आजींसाठी एक काठी आवर्जून न्या. दारावर विकत मिळेल अशा भरवशावर राहू नका. परतताना आपल्यासमोर दोन पर्याय असतील. मळवलीला जाऊन लोकल धरणे स्वस्त आहे, परंतु संध्याकाळी ती लोणावळ्याहून भरून येते आणि मळवलीला केवळ क्षणभर थांबते. दिवसभराच्या चालण्यानंतर आजींना उभ्याने पुण्यापर्यंत नेण्यापेक्षा रिक्षाने थेट लोणावळा स्थानकावर जावे आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने निवांत जागा धरावी. यासाठी दोन-अडीचशे रुपये जास्त पडतील, आणि आपल्या हिशेबात तेवढी जागा आहे. तिकीट मात्र मग जाऊन-येऊनचे न काढता परतीचे लोणावळ्याहून वेगळे काढावे लागेल, एवढे सकाळीच ठरवून ठेवा. एस.टी.ने परतायचे म्हटल्यास महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांनाही सवलत मिळते, त्यामुळे आई आणि पत्नी दोघींचे भाडे अर्ध्यावर येते; तरी पाच जणांचा एकूण हिशेब लोकलपेक्षा महागच राहतो, म्हणून बसकडे मी लोकल चुकल्यावरचा आधार म्हणूनच पाहीन. आईंचे वय सिद्ध करणारे ओळखपत्र मात्र बरोबर असू द्या.

आता बेरीज. रेल्वेचे दोनशे, लेण्यांचे दीडशे, रिक्षांचे आठ-नऊशे, परतीच्या लोणावळ्याच्या रिक्षाचे अडीचशे, पुण्यात घरापासून स्थानकापर्यंत जाण्या-येण्याचे अडीचशे. साधारण साडेसतराशे होतात. राहिलेल्या अडीचशेत चहा, देवीची ओटी आणि मुलांना एखादी चिक्की. मार्गदर्शक या यादीत मी मुद्दाम धरलेला नाही : वर लिहिलेल्या पाच-सहा गोष्टी शोधायला एक बारीक विजेरी पुरेशी आहे. कोरीव कामाला हात लावू नका आणि मुलांना खांबांना टेकू देऊ नका, एवढे मात्र बजावून ठेवा.

बेडशाला मी या दिवसातून वगळले त्याचे कारण अंतर नव्हे, दिशा आहे. त्या लेण्याला जवळचे स्थानक कामशेत आहे, व्हरांड्यातले खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे घोड्या-हत्तींवरील स्वार पाहण्यासारखे आहेत आणि गर्दीही कमी असते. परंतु ते पूर्वाभिमुख आहे. पश्चिमेच्या प्रकाशासाठी आखलेल्या दिवसाच्या शेपटीला ते जोडले, तर आपण त्याच्या अंधारातच पोहोचाल. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी पहाटेच्या लोकलने कामशेतला उतरा आणि ऊन वर चढण्यापूर्वी तिथे जा. त्या वेळी दुपारच्या खंडाचा प्रश्नही येणार नाही, कारण अकराच्या आतच आपण परतीच्या गाडीत असाल.